गोधडीचा काठ

आई गेली त्या वर्षी तिची एक अर्धवट गोधडी घरात राहिली. मधला भाग शिवून झाला होता, काठ तेवढा लावायचा होता. बहीण म्हणाली, "दादा, साऱ्यांच्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून काठ करू. प्रत्येकाची आठवण राहील." मावशीने मान हलवली. "आठवण राहील गं, पण काठ राहायचा नाही."

मावशीचे म्हणणे असे. गोधडी ओढतात ती काठाला धरून, आणि आधी झिजतो तोही काठच. तुकड्यांच्या काठात जितके जोड, तितक्या उसवायच्या जागा. तिरपा कापलेला तुकडा ताणतो, मग काठाला लाटा येतात. उलट, लुगड्याची उभ्या धाग्यातली सलग पट्टी फारशी ताणत नाही. मापही कडेवरून घेऊ नये, गोधडीच्या मधून घ्यावे. कड हाताळून सैल झालेली असते.

पण बहिणीचे तरी काय चुकले? उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रिया आपल्या कवंदीच्या कोपऱ्यांना तुकड्यांची 'फुले' लावतात. त्यांच्याविना कवंदी उघडी दिसते, असे त्या मानतात. सौंदर्यालाही हक्क आहेच की!

शेवटी आम्ही आत तुकड्यांची एक ओळ घेतली आणि बाहेरून आईच्या लुगड्याचा सलग काठ लावला. गोधडी अजून रोजच्या वापरात आहे. शिक्षकांनी शिवणाच्या तासाला दोन्ही काठ मुलांकडून करून घ्यावेत; कुठला कुठे शोभतो नि टिकतो, ते त्यांना आपोआप कळेल.