घरचीं कुत्रीं आणि घरचें अन्न

कुत्र्यानें भाकरी पळविली आणि नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले, ही कथा महाराष्ट्रांतल्या बहुतेक घरांत लहानपणींच कानांवर पडते. श्रीदत्तात्रेयांच्या तसबिरींत पायांशीं चार कुत्रे असतात व त्यांस चार वेदांचीं रूपें मानण्याचा प्रघात आहे. कुत्र्याविषयींची आस्था ज्या समाजांत अशी परंपरेनें आलेली आहे, त्या समाजांतल्या सुशिक्षित घरीं कुत्र्याच्या भांड्यांत काय पडतें, हें मात्र बहुधा एकाच गोष्टीवरून ठरतें. तें म्हणजे जेवणें आटोपल्यावर पातेल्यांत काय उरलें!

जुन्या वाड्यांत ही रीत खपून जाई. वाड्यांतलें कुत्रें दिवसभर मोकळें हिंडे. उंदीर, घूस, खाटकाच्या दुकानाबाहेरचा एखादा तुकडा, शेजारच्या आळींतली शिळी भाकर यांवर तें आपली उणीव भरून काढी. आज तेंच कुत्रें तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांत राहतें, साखळीनें बाहेर जातें आणि साखळीनें परत येतें. मालकानें पुढें ठेवलें तेंच त्याचें अन्न. त्यांत जें नाहीं तें त्याला दुसरीकडे कोठेंहि मिळावयाचें नाहीं. घरीं तीन-चार कुत्रीं असलीं म्हणजे तर उरल्यासुरल्याचा हिशेब मुळींच जमेनासा होतो.

तेव्हां पहिली गोष्ट ही कीं, कुत्र्यांचें पातेलें वेगळें चढवावें. माणसाच्या भाजी-आमटीला रुचि आणणारा जो कांदा, तोच कुत्र्याच्या रक्तांतल्या तांबड्या पेशी फोडतो. दर किलो वजनामागें १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटांत गेला तरी रक्तांत दोष उत्पन्न होतो. सहा किलोच्या पामेरियनच्या बाबतींत याचा अर्थ एक मध्यम आकाराचा कांदा, आणि रविवारच्या रश्शांत तसे चार कांदे सहज असतात. शिजविल्यानें हा दोष जात नाहीं, व लसूण तर याहून तीव्र. शिवाय परिणाम त्याच दिवशीं दिसत नाहीं. तीन-चार दिवसांनीं कुत्रें मलूल होतें, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तांबूस-काळसर होते. आणि तोंवर रविवारचा रस्सा कोणाच्या ध्यानांतहि नसतो. द्राक्षें व मनुका मूत्रपिंडांस घातक, चॉकलेट हृदयास. साखरेऐवजीं झायलिटॉल घातलेल्या गोळ्या कुत्र्यानें खाल्ल्यास त्याच्या रक्तांतली साखर पाहतां पाहतां धोक्याच्या पातळीखालीं उतरते. शिजलेल्या हाडांच्या कपच्या आंतड्यांत रुततात. सत्यनारायणाच्या प्रसादांतले बेदाणे वेंचून काढण्याचा कंटाळा असेल, तर कुत्र्याला प्रसाद न देणेंच बरें.

मग घालावें काय? कुत्रा हा लांडग्याचा वंशज, म्हणून त्याला निव्वळ मांसच हवें, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. २०१३ सालीं स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनानें या मताला चांगलाच धक्का दिला. पिष्टमय पदार्थ पचविणारा रस ज्या जनुकाच्या योगानें तयार होतो, त्याच्या प्रती लांडग्यांत दोन, तर कुत्र्यांत ४ पासून ३० पर्यंत आढळल्या. माणसाच्या चुलीपाशीं हजारों वर्षें काढल्यावर कुत्र्याला भात-भाकरी पचूं लागली, हें त्यावरून उघड आहे. भात, ज्वारीची भाकर, नाचणी यांस म्हणून हरकत नाहीं. मात्र तीं मांसाची किंवा अंड्यांची जागा घेऊं शकत नाहींत. शाकाहारी घरांत दूध-पोळीवर कुत्रें वाढविण्याची जुनी चाल आहे. पुष्कळशा मोठ्या कुत्र्यांना दुधांतली साखर पचत नाहीं व हगवण लागते. दहीं त्या मानानें सोसतें. अशा घरांनीं निदान अंडें तरी चुलीवर चढूं द्यावें. तेंहि नको असेल, तर पशुवैद्याकडून पूरक द्रव्यें ठरवून घेतल्यावांचून हा प्रयोग करूं नये.

याच्या उलट, हौसेनें रोज बिनहाडाचें मटण आणि भात घालणारीं घरेंहि आहेत, आणि खरी फसगत त्यांचीच होते. मांसांत फॉस्फरस भरपूर असतो, कॅल्शियम अगदीं थोडें. कुत्र्याला तर फॉस्फरसापेक्षां कॅल्शियम किंचित् अधिकच लागतें. तें अन्नांतून आलें नाहीं म्हणजे शरीर स्वतःच्याच हाडांतून ओढून घेतें. वाढत्या पिलाचे पाय वांकतात, कोचावरून उडी मारल्याचें निमित्त होऊन हाड मोडतें, आणि घरच्या मंडळींना कळेना होतें कीं, रोज मटण घालूनहि हें असें कसें झालें. पिलाला उन्हांत बसवूनहि काम भागत नाहीं. कारण माणसाप्रमाणें कुत्र्याची कातडी उन्हाच्या साह्यानें ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसें बनवीत नाहीं, तें पोटांतूनच जावें लागतें. कॅल्शियमवर मात्र सोपा उपाय स्वयंपाकघरांतच आहे. अंड्यांचीं टरफलें उकळून, खडखडीत वाळवून, खलबत्त्यांत त्यांची वस्त्रगाळ पूड करावी. अर्धा किलो बिनहाडाच्या मांसामागें ती चहाचा अर्धा चमचा पुरते. मांसाबरोबर भात, थोडा लाल भोपळा किंवा गाजर, चमचाभर तेल, कधीं काटे काढलेला मासा, आणि काळीज अगदीं बेतानें. कारण काळजांतलें ‘अ’ जीवनसत्त्व अति झालें तर तेंहि हाडांना बाधतें. फोडणी, मसाला नको. इतकें करूनहि अन्न सर्वांगपूर्ण झालें असें समजूं नये. कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथील विद्यापीठानें कुत्र्यांसाठीं सुचविलेल्या घरगुती अन्नाच्या २०० कृती तपासल्या व २०१३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांपैकीं १९० कृतींत कांहीं ना कांहीं आवश्यक द्रव्य उणें निघालें. म्हणून आपली कृति लिहून काढून एकदां पशुवैद्यास दाखवावी. घरांत पिलूं किंवा गाभण कुत्री असेल तर अवश्यच.

आतां वाटणीचा प्रश्न. समजा, एका घरीं ३० किलोचा लॅब्रॅडॉर, १० किलोची गांवठी कुत्री, एक म्हातारा पामेरियन आणि एक पिलूं अशीं चौघें आहेत. गांवठी कुत्रीला दिवसाला ६०० कॅलरींच्या आसपास अन्न लागतें, म्हणून लॅब्रॅडॉरला तिप्पट वाढावें, असें शाळेंतलें त्रैराशिक सांगेल. पण तें येथें लागू पडत नाहीं. जनावर जसजसें मोठें, तसतशी दर किलोमागें त्याची भूक कमी. लॅब्रॅडॉरला १,४०० च्या आसपास, म्हणजे सव्वादोनपटीनें, पुरतें. पिलाला उलट वजनाच्या मानानें मोठ्याच्या जवळजवळ दुप्पट हवें, तेंहि तीन-चार वेळां विभागून. अमेरिकेंत ४८ लॅब्रॅडॉर पिलांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडींतल्या एकाला दुसऱ्याच्या पाऊण हिश्शाइतकेंच अन्न जन्मभर दिलें गेलें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें भरपूर खाणाऱ्यांचें मध्यम आयुष्य ११.२ वर्षें, तर पाऊण वाटेकऱ्यांचें १३ वर्षें भरलें. सांधेदुखीहि त्यांना उशीरा जडली. नामदेवांच्या कुत्र्याला कोरडी भाकर मिळाली होती, त्यामुळें तूप शोभलें. बरगड्या हाताला लागेनाशा झालेल्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवण्याचें प्रयोजन नाहीं.

चौघांना एका परातींत वाढणें म्हणजे दांडग्याला मेजवानी आणि भित्र्याला उपास. प्रत्येकाचें भांडें वेगळें व जागा ठरलेली असावी. शक्य तर मध्यें दार असावें. जेवणें सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळीं. पंधरा मिनिटांनीं भांडें उचलावें. कोणी अन्नाला तोंड लावलें नाहीं हें ताबडतोब कळतें, आणि आजाराची पहिली वर्दी बहुधा तीच असते.

याच वेळीं एकेकाच्या अंगावरून हात फिरवून घ्यावा. पावसाळ्यांत कानाच्या पाळीमागें व बोटांच्या बेचक्यांत गोचीड बसतात आणि त्यांच्यापासून रक्ताचे ताप येतात. गोचीड चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावा. रॉकेल चोळण्याची रीत सोडून द्यावी, त्यानें कातडी भाजते. भिजलेले कान कोरडे करावे, वाढलेलीं नखें कापावीं. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या घरच्या डब्यांतून काढून देऊं नयेत. पिसाळ रोगाची लस पिलूं तीन महिन्यांचें होतांच टोंचावी व पुढें पशुवैद्य सांगेल त्या वेळीं चुकवूं नये. घरांतलीं एकदोन कुत्रीं टोंचून बाकीचीं तशींच ठेवणें यांत कांहींच हशील नाहीं.

राहिला म्हातारा पामेरियन. दांत पडलेले, सांधे धरलेले, नाकाला वासहि कमी येतो. त्याचें अन्न कोमट करून मऊ कालवावें, म्हणजे वास सुटतो. भांडें पाटावर ठेवावें, म्हणजे मान फार वांकवावी लागत नाहीं. मूत्रपिंडें निरोगी असतील तर म्हातारपण आलें एवढ्यासाठीं त्याचें मांस तोडूं नये. तो सावकाश खातो. तोंवर बाकीच्यांचीं भांडीं चाटून लख्ख झालेलीं असतात आणि तीं सगळीं दाराशीं येऊन उभीं राहतात. त्यांना थोपवून धरण्यासाठीं कोणीतरी वीस मिनिटें म्हाताऱ्याजवळ बसावें लागतें. घरांतलें एखादें नातवंड या कामाला खुशीनें तयार होतें.