शस्त्रे शांत झाल्यानंतर



महाभारतातील सर्वांत दीर्घ पर्व युद्धाचे नाही. ते शांतिपर्व आहे. अठरा दिवसांचे युद्ध संपले, विजय मिळाला, आणि नेमक्या त्याच क्षणी युधिष्ठिर राज्य नको म्हणू लागला. आप्तस्वकीयांच्या रक्ताने माखलेले सिंहासन त्याला असह्य झाले. तेव्हा श्रीकृष्णाने त्याला शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडे नेले. राज्य कसे चालवावे, दंड कोणाला व किती द्यावा, उद्ध्वस्त प्रजेला पुन्हा कसे उभे करावे, याचे शिक्षण तेथे सुरू झाले. युद्ध जिंकणाऱ्यालाही शांतता शिकावी लागते, हा त्या कथेचा गाभा आहे.

आधुनिक जगाला मात्र ही गोष्ट फार उशिरा उमगली. युद्ध कसे करावे हे शिकविणाऱ्या प्रबोधिनी अनेक देशांत आहेत. युद्धानंतरची शांतता कशी राखावी आणि न्याय कसा करावा, हे शिकविण्याची गरज विसाव्या शतकाच्या अखेरीस, लक्षावधी निरपराधांचे बळी गेल्यानंतर जगाच्या ध्यानी आली.

हिरवळीवरचे न्यायालय

६ एप्रिल १९९४ रोजी रवांडा या आफ्रिकेतील चिमुकल्या देशाच्या अध्यक्षांचे विमान पाडले गेले आणि त्यानंतरच्या सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. मारले गेलेले बहुतांश तुत्सी होते. त्यांना वाचवू पाहणारे वा संहाराला विरोध करणारे हुतूही त्यात होते. मारणारे परके नव्हते. शेजारी होते, शिक्षक होते, गावचे अधिकारी होते.

संहार थांबला तेव्हा बहुसंख्य न्यायाधीश व वकील मारले तरी गेले होते वा परागंदा तरी झाले होते. तुरुंगांत मात्र लवकरच लाखाहून अधिक संशयित कोंबले गेले. नेहमीच्या न्यायालयांनी हे खटले चालवायचे म्हटले असते, तर शतकही अपुरे पडले असते, असा तेव्हाचा अंदाज होता. मग न्याय करणार कोण?

रवांडाने उत्तर आपल्याच मातीत शोधले. गावातील तंटे वडीलधाऱ्यांनी हिरवळीवर बसून मिटवावेत, अशी तेथे जुनी रीत होती. तिला ‘गाचाचा’ म्हणत. या रीतीला कायद्याची चौकट देण्यात आली. २००२मध्ये प्रयोग सुरू झाला, २००५पासून तो देशभर पसरला. बारा हजारांहून अधिक न्यायालये भरली आणि २०१२मध्ये काम संपले तेव्हा सुमारे वीस लाख प्रकरणे हातावेगळी झालेली होती. न्यायाधीश होते ते गावानेच निवडलेले सचोटीचे शेतकरी, शिक्षक, गृहिणी. त्यांना वेतन नव्हते आणि कायद्याची पदवीही नव्हती. प्रशिक्षण मिळाले ते अवघ्या काही दिवसांचे.

या प्रयोगाने पुष्कळ साधले. आपल्या माणसाचा देह कोठे पुरला आहे, हे असंख्य कुटुंबांना या न्यायालयांतच प्रथम कळले. परंतु उणिवाही गंभीर होत्या. आरोपीच्या बाजूने वकील नव्हता. गावातील जुनी वैरे साक्षींत डोकावत होती. विजयी पक्षाच्या सैनिकांनी केलेली हत्याकांडे या न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवली गेली. सचोटी हा न्यायाचा पाया खरा. पण पुरावा तोलण्याचे शिक्षण नसेल, तर सचोटीचा माणूसही चुकीचा निवाडा देऊ शकतो.

एका प्रश्नाचे सामर्थ्य

त्याच संहाराचा न्याय करण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने १९९४च्या नोव्हेंबरमध्ये एक आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण स्थापले. टांझानियातील अरुशा येथे ते बसत असे. तेथील पहिल्या महत्त्वाच्या खटल्यात जाँ-पॉल अकायेसू हा टाबा गावाचा प्रमुख आरोपी होता. त्याच्यावरील मूळ आरोपपत्रात स्त्रियांवरील अत्याचारांचा उल्लेखच नव्हता. तपास करणाऱ्यांनी त्याविषयी पुरेसे विचारले नव्हते, आणि न विचारता सांगण्याजोगे ते दुःख नव्हते.

खटला सुरू झाल्यावर एका साक्षीदार स्त्रीच्या बोलण्यात तो विषय आला. न्यायपीठावर नवनीतम पिल्लई होत्या. दक्षिण आफ्रिकेतील डर्बनच्या तमिळ वंशाच्या, बसचालकाच्या कन्या. न्यायपीठाने तो धागा सुटू दिला नाही, पुढे विचारणा केली. आणखी स्त्रिया बोलू लागल्या. १९९७मध्ये आरोपपत्रात सुधारणा झाली. २ सप्टेंबर १९९८ रोजी निकाल लागला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशसंहारासाठी दिलेला तो पहिला दोषनिर्णय ठरला. आणि बलात्कार हेही वंशसंहाराचे साधन असू शकते, हे तत्त्व त्यातून कायद्यात रुजले.

विचारपूस करणाऱ्याला काय विचारावे हे ठाऊक नसेल, तर सत्य समोर बसलेले असूनही नोंदले जात नाही. म्हणूनच युद्धग्रस्त भागात तपास करणाऱ्यांना आज मुद्दाम शिकविले जाते. साक्षीदाराला पुन्हा पुन्हा तीच वेदना उगाळायला लावू नये. दुभाषा कोण आहे, कोणत्या जमातीचा आहे, हे पाहावे. कागद, हाडे, छायाचित्रे कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, याची अखंड नोंद ठेवावी. साक्ष देऊन घरी परतणाऱ्याच्या जिवाची काळजी आधी करावी. इराकमधील याझिदी स्त्रियांना आपली कहाणी पत्रकारांना, संघटनांना, तपास अधिकाऱ्यांना असंख्य वेळा सांगावी लागली. त्या अनुभवातूनच नोबेल पुरस्कारप्राप्त नादिया मुराद यांच्या नावाची आचारसंहिता २०२२मध्ये तयार झाली.

निळे शिरस्त्राण आणि जुनी सवय

हीच गोष्ट शांतिसैनिकांची. सैनिकाला शत्रू ओळखून त्याला नमविण्याचे शिक्षण दिलेले असते. शांतिसैनिकाला शत्रूच नसतो. त्याला दोन वैऱ्यांच्या मध्ये उभे राहायचे असते, आणि बळ कधी वापरावे याइतकेच ते कधी आवरावे, हेही त्याला कळावे लागते.

या कामाचा भारताचा अनुभव मोठा आहे. आजवर पन्नासहून अधिक मोहिमांत दोन लाख नव्वद हजारांच्या आसपास भारतीय सैनिक व पोलीस गेले. सुमारे एकशे ऐंशी जणांनी प्राण वेचले. युगोस्लाव्हियाची शकले होत असताना, १९९२मध्ये तेथील संयुक्त राष्ट्रसंघाच्या सेनेचे पहिले सेनापती झाले ते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. ते आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, १९७१च्या युद्धातील वीरचक्राचे मानकरी.

त्याच भूमीवर, त्यांचा कार्यकाळ संपल्यानंतर, स्रेब्रेनिका घडले. सुरक्षा परिषदेने ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून घोषित केलेल्या त्या गावी १९९५च्या जुलैत सुमारे आठ हजार मुस्लिम पुरुष व मुलगे मारले गेले. तेथील डच तुकडी संख्येने अल्प, शस्त्रांनी हलकी होती आणि वरून साहाय्य आले नाही. प्रशिक्षण कितीही उत्तम असले, तरी ते राजकीय इच्छाशक्तीची जागा घेऊ शकत नाही, हेही येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

या अपयशांनंतर जगाने धडे घेतले. २०००मध्ये नवी दिल्लीत शांतिसेना-प्रशिक्षणाचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले. तेथे परदेशी अधिकारीही शिकावयास येतात.

मनरोव्हियातील रणरागिणी

लायबेरियात १९८९ ते २००३ या काळात दोन यादवी युद्धे झाली. अडीच लाखांच्या आसपास माणसे गेली. लहान मुलांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या. स्त्रियांची विटंबना ही युद्धाची रीतच बनली. अशा देशात गणवेशधारी पुरुष दिसला की स्त्री घरात दडे. तक्रार नोंदवायची कोणाकडे?

जानेवारी २००७मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाची, शंभराहून अधिक महिलांची तुकडी राजधानी मनरोव्हियात उतरली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या इतिहासातील ती पहिली पूर्ण महिला पोलीस तुकडी. अध्यक्षांच्या कार्यालयाचा पहारा, रात्रीची गस्त, दंगल नियंत्रण ही सर्व कामे तिने केली. स्थानिक मुलींना स्वसंरक्षणाचे धडे दिले. २०१६पर्यंत एकामागून एक तुकड्या जात राहिल्या. याच काळात लायबेरियाच्या सुरक्षा दलांतील स्त्रियांचे प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेले. त्याचे सारे श्रेय एका तुकडीला देणे अतिशयोक्तीचे होईल. पण स्त्री पहारा देऊ शकते, हे त्या मुलींनी रोज डोळ्यांनी पाहिले, हे लहान काम नव्हे.

न्यायाची बाजू मात्र तेथे लंगडीच राहिली. युद्धगुन्ह्यांसाठी लायबेरियाच्या भूमीवर दीर्घकाळ एकही खटला उभा राहिला नाही. माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांना २०१२मध्ये पन्नास वर्षांची शिक्षा झाली, ती शेजारच्या सिएरा लिओनमधील गुन्ह्यांसाठी. विशेष न्यायालयाच्या दिशेने पहिले ठोस पाऊल २०२४मध्ये पडले. पहारा उठला, जखम उरली.

दिव्याखालचा अंधार

रक्षकांची पापेही झाकून चालणार नाही. अनेक देशांच्या शांतिसैनिकांवर, भारतीयांवरसुद्धा, स्थानिक स्त्रियांच्या शोषणाचे आरोप झाले आहेत. २०१०मध्ये हैतीत शांतिसेनेच्या छावणीतील मैला नदीत मिसळला आणि पटकीची साथ पसरली. सुमारे दहा हजार माणसे दगावली. संयुक्त राष्ट्रसंघाने आपला वाटा मान्य केला तो २०१६मध्ये. तेथे एकही गोळी झाडली गेली नव्हती. शिस्त म्हणजे केवळ कवायत नव्हे. छावणीचे शौचालय कोठे बांधावे, हाही शांततेच्या शिक्षणाचाच धडा आहे.

आणि जेत्यांनीच न्यायासनावर बसावे काय, हा प्रश्न? तो टोकियोच्या न्यायाधिकरणात १९४८मध्ये न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी आपल्या भिन्नमतपत्रात उभा केला होता. जपानी सैन्याचे अत्याचार त्यांनी नाकारले नाहीत; विजेत्यांनी मागाहून घडविलेला कायदा त्यांना मान्य नव्हता. त्यांच्या निष्कर्षाविषयी आजही वाद आहे. पण रवांडाच्या हिरवळीवर तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला होता, हे विसरता येत नाही. पेशवाईत सत्ताधीशालाच देहांत प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री महाराष्ट्राच्या स्मरणात आहेत, ते याच कारणासाठी. तो निर्भयपणा अभ्यासक्रमाने येत नाही हे खरे. पण निर्भय माणसाच्या हाती कायद्याचे व पुराव्याचे ज्ञान नसेल, तर तो निर्भयपणाही वाया जातो.

शेवटी पुन्हा महाभारताकडे वळले पाहिजे. शांतिपर्वाच्या आधी स्त्रीपर्व येते. भीष्मांचा उपदेश ऐकण्यापूर्वी विजयी पांडवांना रणांगणावर पुत्र, पती, बंधू शोधत फिरणाऱ्या स्त्रियांसमोर उभे राहावे लागले, गांधारीचा संताप आणि आक्रोश सोसावा लागला. त्यांनी आधी तो आक्रोश ऐकला, मग राजधर्म शिकला. अरुशाच्या न्यायपीठाने आणि मनरोव्हियाच्या रस्त्यावरील त्या कन्यांनी हाच क्रम पाळला होता. युद्धानंतरच्या शांततेचे शिक्षण कोठेही, कोणालाही द्यायचे असो, त्याचा पहिला पाठ ऐकण्याचाच असला पाहिजे.