खोक्यावरचा मार्का



मी गोदीतला हमाल, शिकलोय मॅट्रिकपर्यंत. हा पीएच.डी.वाल्यांना काय सांगणार, असं मागच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं. ऐकू आलं. पण खोक्यावरच्या मार्क्याला भुलायचं नसतं, एवढं गोदीनं शिकवलंय.

आमच्या चाळीतला एक पोरगा. बाप गटारात उतरायचा. पोरानं सफाई कामगारांवरच संशोधन केलं, चार वर्षं वस्त्या पालथ्या घातल्या. मग ईमेल आला : आदरणीय प्राध्यापक, लेख पाठवा, दोन दिवसांत स्वीकारू, तीन हजार भरा. आदरणीय! जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी आदरणीय म्हणालं. भरले साल्यानं, उसने घेऊन. छापून आलं तेव्हा अलीकडच्या पानावर कोळंबीची शेती, पलीकडे वास्तुशास्त्र. मुलाखतीत साहेब लोक हसले. आता तो लेख दुसरीकडेही देता येत नाही, चांगली नियतकालिकं एकदा छापलेलं घेत नाहीत.

म्हणतो, आयएसएसएन नंबर होता ना! अरे, तो नुसता ओळखीचा नंबर. आत माल आहे की भुसा, ते नंबर सांगत नाही.

सरकारी यादीवर विसंबाल? यूजीसीनं मे २०१८ मध्ये आपल्याच यादीतली ४३०५ नियतकालिकं काढून टाकली. २०१९ साली केअर यादी आणली, फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली.

तेव्हा स्वतः तपासा. जुने अंक उघडा. संपादक मंडळावरच्या एखाद्याला सरळ पत्र टाका. कधीकधी त्या माणसालाच आपलं नाव तिथं आहे हे ठाऊक नसतं. तुम्ही ज्यांचे दाखले देता ती माणसं कुठं छापतात ते बघा. पैसे घेणारा प्रत्येक जण चोर नसतो, पण दर आधी उघड लिहिलेला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी फी माफ होते. मागा, लाजू नका. आणि दोन दिवसांत 'स्वीकारला' म्हणणाऱ्यानं लेख वाचलेलाच नसतो. बाबासाहेबांनी जातीवरचा निबंध कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ ला वाचला. 'इंडियन अँटिक्वेरी'त तो आला मे १९१७ मध्ये.

आपल्याला घाई असते, कबूल. घरात खाणारी तोंडं. त्याच घाईवर ही दुकानं चालतात. त्यांच्या घरात विचारायला एखादा मामा प्राध्यापक असतो, आपल्याकडं कोण? म्हणून तो पोरगा पुढच्या रविवारी इथं बसणार आहे. असलं पत्र ज्याला आलं असेल त्यानं पैसे भरायच्या आधी घेऊन यावं.