मुलाचा हात आणि पियानोची पट्टी
(इटियाडोह येथें महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंतील भाषण)



मुलांना पियानो शिकवावा काय, असें आपल्यापैकीं कित्येकांनीं मला विचारलें आहे. या प्रश्नाआड बहुधा दुसराच एक प्रश्न दडलेला असतो: त्यानें मूल हुशार होईल काय? त्याचें उत्तर आधीं देतों. कारण त्याच आशेवर घरोघरीं कीबोर्ड विकत घेतले जात आहेत.

१९९३ सालीं अमेरिकेंत एक प्रयोग झाला. मोझार्टची एक रचना दहा मिनिटें ऐकल्यावर कांहीं विद्यार्थ्यांनीं आकृतींचीं कोडीं अधिक चांगलीं सोडविलीं. ते विद्यार्थी महाविद्यालयांतले होते, बालकें नव्हेत. आणि तो लाभहि पाव तासांत ओसरला. तरी व्यापाऱ्यांनीं पाळण्यांतल्या मुलांसाठीं तबकड्या काढल्याच! पुढें कॅनडांतील एका संशोधकानें सहा वर्षांच्या १४४ मुलांची अधिक काळजीपूर्वक पाहणी करून ती २००४ सालीं प्रसिद्ध केली. वर्षभर कीबोर्ड किंवा गायन शिकलेल्यांचा बुद्ध्यंक सरासरी सात गुणांनीं वाढला. इतरांचा चाराहून थोडा अधिक. फरक आहे, पण केवढासा! नाट्य शिकलेल्या मुलांचें चारचौघांतील वागणें मात्र सुधारलें. आपल्या झाडीपट्टींतील नाटकवेड्यांना हें ऐकून आनंद होईल.

तेव्हां हुशारीचा सौदा म्हणून पियानो घेऊं नये. तो घ्यावा कान आणि हात यांच्यासाठीं.

भजनांतील पेटीवर डावा हात भाता हालविण्यांत गुंततो व स्वर एकट्या उजव्या हाताच्या वाट्यास येतात. पियानोवर दोन्ही हात मोकळे असतात, आणि दोघांचीं कामें निराळीं. उजवा चाल धरतो तर डावा तिला आधार देतो. लहान मुलाला हें प्रथम जमतच नाहीं. एक हात थांबला कीं दुसराहि थांबतो. हळूहळू ते वेगळे चालूं लागतात. शिवाय या वाद्याचा एक मोठा गुण असा कीं, १७०० सालाच्या सुमारास फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीनें त्याची रचनाच अशी केली, कीं पट्टी दाबतांच हातोडी तारेवर पडावी. बोट हलकें पडलें तर स्वर मृदु, जोरानें पडलें तर मोठा. स्वर आपल्या बोटाच्या स्वाधीन आहे, हें मुलाला कोणी सांगावें लागत नाहीं. त्याचा कानच तें सांगतो.

परंतु घाई नको. एका सप्तकाची रुंदी सुमारें साडेसोळा सेंटिमीटर भरते. सहा वर्षांच्या मुलाचा पंजा तेवढा पुरत नाहीं. तो ताणायला लावणें म्हणजे कोंवळे पऱ्हे वाफ्यांतून उपटून रोवणीला नेणें होय. गोव्यांतील चर्चच्या जुन्या पाठशाळांत मेस्त्री मुलाच्या हातीं व्हायोलिन देण्यापूर्वीं त्याच्याकडून स्वर वाचून गाऊन घेत असत. स्वर आधीं कंठांत, मग बोटांत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) अशाच वातावरणांत वाढले. त्यांचे वडील चर्चचे गायनमास्तर होते. पुढें मुंबईस त्यांनीं प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविलें, आणि १९७७ च्या चित्रपटांतील गाण्यांत शिष्यानें गुरूचें नांव अमर केलें. तें गाणें आपल्यापैकीं प्रत्येकाला पाठ आहे. तें नांव खऱ्या माणसाचें होतें, हें किती जणांस ठाऊक असेल?

घरीं काय करावें? रोज दहा मिनिटें पुरेत. आईनें किंवा बापानें जवळ बसावें. स्वर कळत नसले तरी बसावें. पाहुण्यांपुढें वाजवून दाखविण्याची सक्ती नको. रोवणीच्या दिवसांत खंड पडेल; पडूं द्यावा. मुलगी जरा मोठी झाली कीं तिला वाद्यावरून उठवून चुलीकडे पाठवावयाचें आणि भावाला बसूं द्यावयाचें, हें मात्र मला मुळींच पसंत नाहीं.

आपल्या चर्चमधील कीबोर्ड आजवर रविवारखेरीज झांकून ठेविला जाई व मुलांनीं हात लावल्यास त्यांना दटावलें जाई. त्याच्या पट्ट्या ६१ आहेत, पियानोच्या ८८. त्या हलक्याहि आहेत, म्हणून बोटांना खरें बळ येणार नाहीं. तरी आरंभास तो पुरे. येत्या सोमवारपासून तो सायंकाळीं पांच ते सहा मुलांसाठीं उघडा राहील. पहिले तीन महिने फक्त गायन, नंतर पट्ट्या. ज्यांच्या घरीं वाद्य नाहीं, त्यांचीं नांवें आधीं लिहून घेतलीं जातील.