जगाच्या बातम्या आणि आपली साक्ष

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला आहे, ‘जगातील हिंसाचार आणि मानवी हक्क’. विषय मोठा आहे आणि आम्ही काही विद्वान नाही. गिरणीची पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचलं, मोर्चात आणि पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसून जे शिकलो, तेवढीच आमची शिदोरी. त्यातलंच चार शब्द आपल्यापुढे ठेवतो.

आज घराघरात मोबाईल आहे. सकाळी चहा पिता पिता सगळ्या जगाचा रक्तपात डोळ्यांसमोरून जातो. २०२२ पासून युक्रेनमध्ये गावंच्या गावं उद्ध्वस्त झालेली आपण पाहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायलमध्ये बाराशेच्या आसपास माणसं मारली गेली, आणि त्यानंतर गाझामध्ये हजारो लेकरं ढिगाऱ्याखाली गेली. आपण हळहळतो, बोट सरकवतो, पुढचा व्हिडिओ येतो, त्यात कोणीतरी नाचत असतं. मग आपण कामाला लागतो. आम्हीही त्यातलेच. म्हणून आज आम्ही स्वतःलाच एक प्रश्न विचारतो. बातमी पाहिली म्हणजे आपलं काम संपलं का?

मानवी हक्क हा शब्द आपल्याला नवीन नाही. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस शहरात संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याची तीस कलमं आहेत. त्याच्या मसुद्यात पहिल्याच कलमात ‘सर्व पुरुष’ अशा अर्थाचा शब्द होता. आपल्या देशाच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरून तिथे ‘सर्व मानव’ असा बदल करून घेतला. पण त्याच्याही एकवीस वर्षं आधी, २० मार्च १९२७ रोजी, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं. १९२९ साली आपल्या या पर्वतीवर मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह झाला आणि सत्याग्रहींनी दगड खाल्ले. पॅरिसमध्ये कागदावर येण्याआधी मानवी हक्क आपल्या आजा-पणजांनी अंगावर झेललेत.

बाबासाहेबांची नजरही साऱ्या जगावर होती. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे आपलं गाऱ्हाणं मांडल्याचं कळताच १९४६ साली त्यांनी तिथले विद्वान डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नावही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. तेव्हा तिकडच्या दुःखाशी आपलं नातं जुनं आहे.

त्याच अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात एका गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर नऊ मिनिटांच्या वर गुडघा दाबून ठेवला. माणूस मेला. पोलिसांचं पहिलं निवेदन काय होतं? तर त्याची प्रकृती बिघडली आणि तो दगावला. गुडघ्याचा त्यात उल्लेखच नाही. पण रस्त्याकडेला सतरा वर्षांची एक काळी मुलगी उभी होती. ती पळाली नाही. मोबाईल धरून तिने सगळं टिपलं आणि पुढे कोर्टात उभं राहून साक्षही दिली. एप्रिल २०२१ मध्ये तो पोलीस दोषी ठरला. साऱ्या जगात मोर्चे निघाले ते आपण पाहिले, पण त्याच्या मुळाशी एका पोरीची साक्ष होती, हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

आता आपल्या घरात या.

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, खैरलांजी. भोतमांगे हे बौद्ध कुटुंब. कष्टाने शेती करणारं, मुलांना शिकवणारं. त्यांच्या एका जवळच्या माणसाला मारहाण झाली होती. त्या प्रकरणात सुरेखाताई आणि त्यांची मुलगी प्रियंका यांनी साक्ष दिली, मारणाऱ्यांना ओळखलं. ज्या दिवशी आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी संध्याकाळी जमाव घरावर चालून आला. सुरेखाताई, प्रियंका, सुधीर आणि रोशन, चौघांना हालहाल करून मारलं. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले.

बांधवांनो, या मायलेकींचा गुन्हा काय? त्यांनी जे पाहिलं ते खरं सांगितलं, एवढाच.

आणि बातमीचं काय झालं? सुरुवातीला अनैतिक संबंधाची कुजबूज छापून आली. खरी हकीकत राज्यभर पोचायला महिना लागला, तीही गावोगावचे लोक रस्त्यावर आल्यावर. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. पण अ‍ॅट्रॉसिटीचं कलम कोणत्याच न्यायालयात टिकलं नाही. हा सूडाचा प्रकार, जातीचा नव्हे, असं ठरलं. भैयालाल दादा न्यायाची वाट पाहत २०१७ साली गेले.

दुसरी गोष्ट खर्ड्याची. अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, तालुका जामखेड. २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या सतरा वर्षांच्या शाळकरी पोराला दिवसाढवळ्या शाळेतून मारत नेलं आणि ठार केलं. कारण काय, तर वरच्या जातीच्या मुलीशी बोलला. नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल लागला, सगळे आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले. पोरगं मेलं हे खरं, पण मारलं कोणी, ते कोणी पाहिलंच नाही!

आपण त्या साक्षीदारांना शिव्या देतो. द्यायलाच पाहिजेत. पण आज या बुद्धमूर्तीसमोर आम्हाला आमची स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे. आजवर कुठल्या भाषणात सांगितली नाही.

तीसेक वर्षांपूर्वी आम्ही गिरणीत बदली कामगार होतो. दारात उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर आत घ्यायचे, नाहीतर परत. आमच्या खात्यात मातंग समाजाचा एक पोरगा होता. एके दिवशी पाणी पिण्यावरून जॉबरने त्याला जातीवरून शिवी दिली आणि कानाखाली मारली. आम्ही तिघं जण तीन हातांवर उभे. पोरानं तक्रार केली. चौकशी लागली. आम्हाला बोलावलं. आणि आम्ही काय सांगितलं? “साहेब, मशीनचा आवाज होता, काही ऐकलं नाही. पाठ होती, काही पाहिलं नाही.” का? तर उद्या बदली मिळायला हवी. घरी लहान पोर होतं, दूध उधारीवर चाललं होतं. त्या पोरालाच खोटारडा ठरवून काढून टाकलं. जाताना तो आम्हाला काही बोलला नाही, आमच्याकडे नुसतं बघितलं. त्या दिवशी आमच्या खिशाला जय भीमचा बिल्ला होता.

म्हणून खर्ड्याचा निकाल वाचला तेव्हा आमच्या तोंडून शिवी निघाली नाही. फितूर साक्षीदार कसा तयार होतो, हे आम्हाला आतून माहीत आहे. भीती, पोट आणि एकटेपणा, या तिघांनी तो तयार होतो.

मग यावर उपाय काय? बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणी नदीची हकीकत आहे, ती आपण सर्वांनी ऐकली आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात पाण्यावरून तंटा झाला. शाक्यांच्या संघाने युद्ध ठरवलं. तरुण सिद्धार्थ उभा राहिला आणि म्हणाला, युद्ध नको, दोन्हीकडची माणसं नेमून वाद मिटवा. मत घेतलं, तो हरला. सैन्यात यायला त्याने नकार दिला. तेव्हा त्याला धमकी काय दिली? घरावर बहिष्कार टाकू, जमिनी काढून घेऊ. तो म्हणाला, शिक्षा मला द्या, घरच्यांना नको. आणि त्याने परिव्रज्या घेतली.

बघा, अडीच हजार वर्षांपूर्वी खरं बोलणाऱ्याला जी भीती घालत होते, तीच आज खेड्यात घालतात. बहिष्कार आणि जमीन! फरक इतकाच की, आज आपल्या हातात बाबासाहेबांची घटना आहे आणि तिच्या आधाराने झालेले कायदे आहेत. ते आपल्याला माहीत पाहिजेत.

१९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. गुन्हा नोंदवायला पोलिसाने टाळाटाळ केली तर नुसतं हात हलवत परत येऊ नका, कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यालाही या कायद्यात शिक्षा आहे. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठायचं नाही. तपास उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त दर्जाचा अधिकारी करतो. २०१५ च्या दुरुस्तीने पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षणाचा हक्क दिला. साक्षीला जाण्याचा प्रवासखर्च आणि भत्ता नियमात आहे. रोजंदारीवरच्या माणसाला हे ठाऊक पाहिजे, कारण बुडालेल्या हजेरीच्या भीतीने साक्षी बुडतात. बहिष्काराविरुद्धही महाराष्ट्रात २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे.

हे कायदे आयते टिकत नाहीत. २० मार्च २०१८ रोजी, म्हणजे नेमक्या महाडच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट झाली. २ एप्रिलला देशभर बंद झाला, ऑगस्टमध्ये संसदेने कायदा पूर्ववत केला आणि २०१९ मध्ये न्यायालयानेही आपले ते निर्देश मागे घेतले.

इथे तरुणांना एक सांगणं आहे. २००६ च्या नोव्हेंबरात कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. खैरलांजीची आग मनात होतीच. महाराष्ट्र पेटला. उल्हासनगरजवळ आपल्या पुण्याची डेक्कन क्वीन जाळली. दुसऱ्या दिवशी कोथरूडमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी गाडीचं नाव. चार माणसं मेली त्याची चर्चा मागे पडली, डब्यांची पुढे आली. संताप खोटा नव्हता. पण त्या आगीचा फायदा कोणाला झाला, याचा विचार तरुणांनी करावा. शील सोडलं की आपली साक्षही दुबळी होते.

आणि भगिनींनो, शेवटची गोष्ट घरातली. गाझाच्या लेकरांसाठी रडणारा माणूस रात्री दारू पिऊन बायकोवर हात उचलतो आणि शेजारी टीव्हीचा आवाज वाढवतो. पंचशील घेतलेल्या घरातही हे घडतं, झाकून उपयोग नाही. बाहेरच्यांनी आपल्यावर केलेला अत्याचार तेवढा मानवी हक्काचा प्रश्न, आणि आपल्या घरातला तो खासगी मामला, असं म्हणता येणार नाही. शेजारच्या दाराची कडी वाजवणं हीसुद्धा साक्षच आहे.

म्हणून समितीपुढे आम्ही एक विनंती ठेवतो. आपल्या वस्तीतल्या कोणाला पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात साक्षीला जायचं असेल, तर तो एकटा जाणार नाही. विहारातले पाच जण त्याच्याबरोबर जातील, प्रत्येक तारखेला. त्यातल्या दोन तरी भगिनी असतील. त्याची हजेरी बुडाली तर दानपेटीतून भरून देऊ. सुरेखाताई आणि प्रियंका एकट्या पडल्या. पाठीशी माणसं उभी करण्याची जबाबदारी समाजाची होती. ती कोथरूडमध्ये तरी आपण घेऊ या.

त्या पाच जणांत पहिलं नाव आमचं लिहा. त्या गिरणीतल्या पोराचं देणं आमच्याकडून राहिलं आहे. तो आज कुठे आहे, आम्हाला माहीत नाही. ते देणं दुसऱ्या कोणाच्या तरी तारखेला उभं राहूनच फेडावं लागणार.



भवतु सब्ब मंगलम्. नमो बुद्धाय, जय भीम!