शाळा : वादळातील आसरा, वाटेवरील शिदोरी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक समारंभात पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, अशी प्रथा आहे. मीही तेच सांगणार आहे. मात्र त्यासाठी आपणांस जरा दूर, बंगालच्या उपसागराच्या काठी नेणार आहे. तेथील माणसांना हे महत्त्व पाण्याने शिकविले आहे.

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्या समुद्रास मिळतात तो जगातील सर्वांत मोठा त्रिभुज प्रदेश होय. त्याचा मोठा भाग बांगलादेशात आणि उरलेला आपल्या पश्चिम बंगालमध्ये आहे. हिमालयातून वाहून आलेल्या गाळाने ही भूमी घडली. जमीन सोन्यासारखी सुपीक. पण किनाऱ्याजवळ भरतीच्या पाण्यापेक्षा जेमतेम उंच.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री या किनाऱ्यावर चक्रीवादळ आले. भोला बेट आणि आसपासच्या भागांत किमान तीन लाख माणसे दगावली. एप्रिल १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली. नोव्हेंबर २००७ मध्ये 'सिद्र' आले. वाऱ्याच्या वेगात ते १९७० च्या वादळापेक्षा कमी नव्हते. तरी मृतांचा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास राहिला. मे २०२० मध्ये 'अम्फान' आले, तेव्हा बांगलादेशात वीस लाखांहून अधिक लोकांना आधीच हलविले गेले आणि मृतांची संख्या काही डझनांपुरतीच राहिली. एक जीव गेला तरी तो जीवच आहे. पण लाखांवरून डझनांवर येणे ही सामान्य गोष्ट नव्हे, हे आपणही मान्य कराल.

हे कसे घडले? १९७० च्या आघातानंतर तेथील सरकार आणि रेडक्रॉस यांनी गावोगावी स्वयंसेवकांची फळी उभारली. आज त्यांची संख्या ७६ हजारांच्या घरात आहे. इशारा रेडिओवरून येतो, मग स्वयंसेवक निशाण उभारतो, भोंगा घेऊन दारोदार जातो. १९९१ मध्ये मृतांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होते. कित्येकींपर्यंत इशारा पोचला नाही; कित्येकी घरच्या पुरुषाची वाट पाहत, किंवा परक्या गर्दीत कसे जावे या संकोचाने घरातच थांबल्या. हा धडा घेतला गेला. निवाऱ्यांत स्त्रियांसाठी स्वतंत्र खोल्या झाल्या आणि आता स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत.

आणि हे निवारे म्हणजे काय? खांबांवर उभ्या केलेल्या पक्क्या इमारती. त्यांतील पुष्कळशा इमारतींत एरवी प्राथमिक शाळा भरते! ज्या खोलीत मूल अक्षरे गिरवते, त्याच खोलीत वादळाच्या रात्री सारे गाव जीव मुठीत धरून बसते.

जीव वाचतो, पण जमीन? मे २००९ च्या 'आयला' वादळाने बांध फोडले, खारे पाणी शेतांत शिरले आणि खुलना व सातखीरा जिल्ह्यांत कित्येक कुटुंबांनी वर्षाहून अधिक काळ बांधावरच संसार थाटला. आपल्यापैकी ज्यांची मुळे कोकणच्या खाडीकाठी आहेत, त्यांना खारबंदिस्तीला खांड पडली म्हणजे काय होते, हे सांगायला नको.

या संकटाची कारणे अनेक आहेत. पृथ्वी तापत आहे. त्यामुळे समुद्राचे पाणी फुगते, हिमनद्या वितळून त्यात भर पडते, आणि उबदार समुद्र वादळांना अधिक जोर देतो. पण सारा दोष हवामानावर टाकणेही बरोबर नाही. १९६० च्या दशकापासून तेथे बांधांनी वेढलेली १३९ क्षेत्रे तयार झाली. प्रारंभी पीक वाढले. पण नदीचा गाळ शेतात येईनासा झाला. आतील जमीन खचत गेली, बाहेर नद्यांची पात्रे भरून उंच झाली आणि पावसाचे पाणी आतच तुंबू लागले. पुढे कोळंबीच्या धंद्यासाठी माणसांनी स्वतःच खारे पाणी आत घेतले, त्याचाही परिणाम झाला.

यावर उपाय गावकऱ्यांनीच शोधला. १९९७ मध्ये भायना या बिलाजवळ, म्हणजे पाणथळ सखल भागाजवळ, लोकांनी बांध तोडून भरतीला वाट दिली. भरतीबरोबर गाळ आला, आणि चार-एक वर्षांत जमीन कित्येक फूट वर आली. पुढे शासनाच्या अभियंत्यांनीही हीच पद्धत स्वीकारली. शास्त्रज्ञांनी खारे पाणी सोसणारे भाताचे वाण दिले. पिरोजपूर, गोपालगंज भागांत शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जलपर्णीचे तराफे करून त्यांवर भाजी पिकवितात. या तरंगत्या शेतीला २०१५ मध्ये जागतिक शेतीवारशाचा मान मिळाला.

तरीही सर्वांना गावी राहता येणार नाही. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालानुसार, योग्य पावले न उचलल्यास २०५० पर्यंत बांगलादेशात १ कोटी ९९ लाखांपर्यंत लोकांना देशांतर्गत स्थलांतर करावे लागू शकते. ढाक्याच्या मीरपूर भागात 'भोला' नावाची झोपडवस्ती आहे. ज्यांचे बेट गेले, त्यांनी निदान नाव बरोबर नेले.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. गाव सोडणे नेहमीच वाईट असते असे नाही. आपल्या कोकणातील वाडवडील जहाजांवर खलाशी म्हणून गेले, नंतरच्या पिढ्या आखातात गेल्या. त्यांतील हातात कौशल्य व कागद असलेला कसा गेला आणि नुसत्या अंगठ्यावर गेलेल्याचे काय झाले, हे आपण घरोघरी पाहिले आहे. २०२३ मध्ये दिवंगत झालेले बांगलादेशचे हवामानतज्ज्ञ डॉ. सलीमुल हक हेच सांगत आले : किनाऱ्यावरील मुलांना असे शिकवा की ती नाइलाजाने पळणार नाहीत, आपल्या निवडीने जातील, आणि मोंगला बंदरासारखी लहान शहरे त्यांच्या स्वागतास तयार ठेवा.

संकट आले की घरात पहिली कात्री शाळेला लागते. मुलगा मजुरीला जातो, मुलीचे लग्न उरकले जाते. वर्ष बुडते, आणि बुडालेले वर्ष सहसा वर येत नाही. पुरामुळे मुलांना शाळेत जाता येत नाही, हे पाहून मोहम्मद रेझवान या वास्तुशास्त्रज्ञाने २००२ मध्ये उत्तर बांगलादेशातील चलन बिल भागात नावेतच शाळा सुरू केली. नाव मुलांना दारातून घेते, शिकविते आणि परत सोडते. पाणी वाढले म्हणून धडा थांबत नाही.

पालकहो, आपल्याही घरी कधी आजारपण येईल, कधी धंदा बसेल, कधी परदेशातील नोकरी सुटेल. त्या दिवशी मुलाची, आणि विशेषेकरून मुलीची, शाळा सोडविण्याचा विचार सर्वांत शेवटी करा. तसा प्रसंग आलाच तर आधी या संस्थेच्या दारी या. अशा वेळी फी, पुस्तके आणि वसतिगृह यांची सोय कशी करता येईल, याचा विचार पदाधिकाऱ्यांनी आजच करून ठेवावा, अशी माझी विनंती आहे. तेथील माणसांनी निवारा वादळाआधी बांधला, म्हणूनच तो कामी आला.

विद्यार्थी मित्रांनो, भूगोलाच्या पुस्तकात त्रिभुज प्रदेशावर चार ओळी असतात. त्या वाचताना तेथील आपल्या वयाच्या मुलांची आठवण ठेवा. जमीन वाहून जाईल, घर वाहून जाईल. पण एकदा नीट शिकलेली गोष्ट माणसाबरोबर जाते.