घरातील ओल आणि आपले आरोग्य



वैशाखाच्या उन्हात ओलीवर व्याख्यान द्यायला उभे राहिलेल्या माणसाला काळवेळेचे भान नाही, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. आज आपल्या घरांच्या भिंती ठणठणीत कोरड्या आहेत. गेल्या श्रावणात जिथे काळे-हिरवे ठिपके उमटले होते, तिथे आता एखादे कॅलेंडर टांगलेले असेल. पण आम्ही हा विषय मुद्दाम याच दिवसांत मांडीत आहोत. पाऊस लागल्यावर गवंडी मिळत नाही, आणि मिळाला तरी ओल्या भिंतीपुढे त्याचे काही चालत नाही. जे करायचे ते मृगापूर्वी करायचे असते.

हे शहाणपण आम्हांला पुस्तकातून आले नाही, चुकीतून आले. आमच्या घराच्या पश्चिमेकडच्या खोलीत दर पावसाळ्यात ओल येई. गणपती जवळ आले की आम्ही पोपडे खरवडून वरून रंग फासत असू. भिंत दिसायला स्वच्छ होई आणि तिच्याच कडेला आईची खाट असे. श्रावण ते कार्तिक आईचा खोकला चाले. रात्री-अपरात्री ती उशीला टेकून बसून राही. आम्ही म्हणत असू, वय झाले, हवा दमट आहे. एका वर्षी ती ऐन भाद्रपदात सोलापूरला मावशीकडे तीन आठवडे राहिली आणि खोकला जवळजवळ थांबला. परत आल्यावर चौथ्या रात्री पुन्हा धाप. तेव्हा आमच्या डॉक्टरांनी आधी थुंकी तपासून क्षय नाही याची खात्री केली आणि मग विचारले, "आईंची खाट कोणत्या भिंतीला आहे?" घरी येऊन कपाट पुढे ओढले, तर मागे छातीइतक्या उंचीपर्यंत काळी साय धरलेली. इतकी वर्षे आम्ही रोगाला रंग देत होतो!

आता ही बुरशी म्हणजे काय ते पाहू. ती काही बाहेरून आलेली पाहुणी नव्हे. तिचे डोळ्यांना न दिसणारे बीजाणू हवेत सदैव तरंगत असतात; या मंडपातही आहेत. त्यांना रुजायला अन्न, ऊब आणि पाणी लागते. अन्न म्हणाल तर लाकूड, कागद, कातडे, रंगातला डिंकासारखा अंश, नुसती धूळसुद्धा पुरते. ऊब आपल्याकडे बारा महिने आहे. उरले पाणी. या तिहींपैकी तेवढे एकच आपल्या हातात आहे. एवढी गोष्ट ध्यानात राहिली तर बाकीचे व्याख्यान विसरलात तरी आमची तक्रार नाही.

प्रकृतीवर तिचा परिणाम काय? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली या प्रश्नावरचे संशोधन एकत्र करून मार्गदर्शक पुस्तक काढले. ओलसर, बुरसटलेल्या घरांत राहणाऱ्यांमध्ये खोकला, छातीतली घरघर, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा अधिक आढळतो, आणि असलेला दमा बळावतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जपान आणि आपला भारत येथील १० ते ५० टक्के जागांत ओल असावी, असा अंदाजही त्यात दिला आहे. म्हणजे हे एकट्या कोकणाचे दुखणे नव्हे. मात्र हवेत अमुक इतकी बुरशी म्हणजे धोका, असा आकडा त्या तज्ज्ञांनाही देता आला नाही. म्हणून हवेचे नमुने तपासण्यावर पैसे खर्चण्यापेक्षा ते गळतीवर खर्चावेत. दिसते आहे, कुबट वास येतो आहे, एवढा पुरावा काम सुरू करायला पुरे.

एकाच घरात एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याला श्वास पुरत नाही, हेही खरे. लहान मुले, दमेकरी, ॲलर्जीची प्रकृती असलेले, पूर्वी क्षयाने फुप्फुसात पोकळी राहिलेले आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजाराने खचली आहे असे लोक यांना अधिक जपले पाहिजे. पण उलट टोकाला जाऊन प्रत्येक खोकला भिंतीच्या माथी मारू नये. दोन आठवड्यांवर खोकला रेंगाळला, तर आधी थुंकी तपासून घ्यावी. भिंत कुठे पळून जात नाही.

भीतीबद्दलही दोन शब्द. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने आपल्या महाराष्ट्रात हाहाकार केला. लोक त्याला 'काळी बुरशी' म्हणू लागले, आणि कांद्यावरची काजळी व फ्रिजच्या रबरावरचा काळा थर यांनाही माणसे घाबरू लागली. वस्तुतः त्या रोगातला काळेपणा मृत झालेल्या मांसाचा असतो, आणि त्यामागे प्रामुख्याने आटोक्याबाहेरचा मधुमेह व स्टेरॉइडचा अतिवापर होता. भिंतीवरचे काळे ठिपके ही निराळी गोष्ट. अमेरिकेतही असेच झाले. क्लीव्हलँड शहरात १९९३-९४च्या सुमारास काही तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला आणि एका काळ्या बुरशीवर ठपका आला. पण २००० साली तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने फेरतपासणी करून तो संबंध सिद्ध होत नाही असे जाहीर केले. तात्पर्य, रंगावरून बुरशीची जात ओळखण्याच्या भानगडीत पडू नये. कोणत्याही रंगाची असो, ती घरात नको.

मग करावे काय? प्रथम पाणी कुठून येते ते शोधावे. पांढरी भुकटी दिसली तर ती पाण्यात टाकून पाहावी. विरघळली तर तो खार, बुरशी नव्हे. तरी ओल आहे याची खूण तीही देतेच. मग भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. कागदाच्या मागच्या, भिंतीकडच्या बाजूला पाणी जमले तर ओल भिंतीतून येते: गच्चीची भेग, फुटका नळ, वरच्यांची मोरी. पुढच्या, खोलीकडच्या बाजूला जमले तर ते खोलीतल्याच हवेचे: घरात वाळत घातलेले कपडे, स्वयंपाकाची वाफ, बंद खिडक्या. पहिल्याला गवंडी हवा, दुसऱ्याला वारा हवा.

पाणी थांबल्यावर सफाई. साधारण तीन फूट लांब आणि तीन फूट रुंद एवढा डाग घरच्या घरी काढता येतो. त्याहून मोठा असेल तर जाणत्या माणसाला बोलवावे. दमेकऱ्याने हे काम करू नये; त्याला त्या दिवशी शेजारी पाठवावे. नाकाला एन-९५ मास्क, हातात मोजे, खिडक्या उघड्या. कोरड्या केरसुणीने झटकू नये, बीजाणू घरभर उडतात. साबणाच्या पाण्याने भिजवून घासावे आणि भिंत पूर्ण वाळू द्यावी. फुगलेला गिलावा काढून टाकावा, बुरसटलेली गादी बिनदिक्कत फेकावी. आणि एक हात जोडून सांगतो: संडासाचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन निघतो. बुरशी राहील बाजूला, माणूस इस्पितळात जाईल.

आपले पूर्वज या बाबतीत अडाणी नव्हते. उंच जोते, लांब पागोळ्या, पावसाच्या माऱ्याला अडवायला बांधलेले माडाच्या झावळ्यांचे झाप आणि वर्षाकाठी चुन्याची सफेदी! चुना जात्या अल्कधर्मी, त्यावर बुरशी सहसा रुजत नाही, आणि त्यातून भिंतीला आतली वाफ बाहेर टाकता येते. आज आपण ओल्या भिंतीवर प्लॅस्टिकचा रंग चढवतो आणि त्याला फोड आले की रंगवाल्याला शिव्या देतो.

शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड, कारण तो गवंड्याचा नाही, शेजाऱ्याचा आहे. आमच्या भिंतीतले पाणी वरच्या बिऱ्हाडाच्या न्हाणीघरातून येत होते. त्यांना वाटे आम्ही कांगावा करतो, आम्हांला वाटे ते मुद्दाम करतात. दोन वर्षे जिन्यात नमस्कारही बंद होता. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची, बाहेरच्या भिंतींची आणि सामाईक नळांची गळती संस्थेने दुरुस्त करायची, आणि घरातल्या मोरी-संडासाची ज्याची त्याने. नियम स्पष्ट आहे. पण नियमाने जे झाले नाही ते एका संध्याकाळी झाले. वरच्या वहिनी आईला भेटायला आल्या आणि तिला बसल्या जागी धापा टाकताना त्यांनी पाहिले. पंधरा दिवसांत त्यांची मोरी खणली गेली. आईचा दमा गेला नाही, खोटे कशाला सांगू. पण रात्री उठून बसणे थांबले.

सगळ्यांच्या नशिबी अशा वहिनी नसतात. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी २०२० सालच्या डिसेंबरात दोन वर्षांचे एक बालक मरण पावले. घर भाड्याचे, भिंती बुरशीने भरलेल्या. बापाने वर्षानुवर्षे तक्रारी केल्या. त्याला सांगण्यात आले, वरून रंग लावा. घरातल्या बुरशीच्या दीर्घ सहवासाने श्वसनाचा तीव्र विकार जडून मूल गेले, असा निर्णय २०२२ साली चौकशी अधिकाऱ्यांनी दिला. २०२३ साली तिथे कायदा झाला, आणि ऑक्टोबर २०२५ पासून सार्वजनिक घरांच्या मालकांना अशा तक्रारीची ठरावीक मुदतीत दखल घ्यावी लागते. ती बातमी वाचताना 'वरून रंग लावा' या शब्दांशी आम्ही थांबलो. आम्हीही तेच करीत होतो, आणि आम्हांला तसे सांगणारा कोणी घरमालकही नव्हता.

म्हणून विनंती एवढीच. आज घरी गेल्यावर ते कॅलेंडर काढा, कपाट चार बोटे पुढे ओढा आणि दिवा धरून पाहा. पाऊस यायला अजून अवकाश आहे.